१३६/८८: पंचविशीतला ‘बॉर्डरवरचा’ बीपी

गणेशोत्सव असो की शिवजयंती, साताऱ्यात ठिकठिकाणी रक्तदान शिबिरं लागतात. नाव नोंदवायच्या टेबलापुढे बीपीचं टेबल असतं आणि तिथून दोन-चार धडधाकट पोरं हमखास परत फिरतात. रक्तदात्याचा वरचा आकडा १०० ते १४० आणि खालचा ६० ते ९० या दरम्यान हवा, असा नियम आहे. १४४/९२ निघाला की डॉक्टर म्हणतात, “आज राहू दे, एकदा दाखवून घे.” पोरगं सव्वीस वर्षांचं, सकाळीच अजिंक्यतारा चढून आलेलं. बीपी हे साठीनंतरचं दुखणं, अशी त्याची आजवरची समजूत. रात्री ते मोबाइल उघडतं आणि अर्ध्या तासात मेंदूतल्या रक्तस्रावापर्यंत जाऊन पोचतं.

एमआयडीसीतल्या कंपनीची वार्षिक तपासणी, विम्याची मेडिकल, भरतीची मेडिकल, इथेही हेच घडतं. आकडा १३०-१४० च्या आसपास असतो आणि सल्ला ठरलेला: “बॉर्डरवर आहे, लक्ष ठेवा.” आता लक्ष ठेवायचं म्हणजे नक्की काय करायचं? हे सांगायला त्या टेबलावर कोणाला सवड नसते. मग घरची मंडळी आपापल्या परीने लक्ष ठेवू लागतात. आई ताटातलं लोणचं काढून घेते, काका स्वतःची गोळी अर्धी करून द्यायला निघतात, आत्या लसणाची पाकळी सुचवते. माझं म्हणणं असं, की पहिला आठवडा यातलं काहीच करू नये. पहिला आठवडा नीट मोजण्यात घालवावा. तुम्हाला खरंच काही झालंय का, हे त्या आठवड्याशिवाय कळत नाही.

हा दाब येतो कुठून

कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी पंपाने उचलून टप्प्याटप्प्याने आटपाडी-सांगोल्याकडे नेतात. त्या पाइपातला दाब दोन गोष्टींवर ठरतो: पंप किती जोराने किती पाणी ढकलतोय आणि पुढे व्हॉल्व्ह किती आवळलेत. शरीरात हृदय पंपाचं काम करतं. व्हॉल्व्हचं काम करतात त्या अगदी बारीक धमन्या, ज्या मज्जासंस्थेच्या आणि संप्रेरकांच्या हुकमाने आवळतात नि सैलावतात. एकूण पाणी किती ठेवायचं हे मूत्रपिंड ठरवतं आणि मिठाचा संबंध येतो तो इथे. मीठ जास्त झालं की शरीर ते पातळ करायला पाणी धरून ठेवतं आणि नळीतला दाब वाढतो.

पंप सलग चालतो, हृदय मात्र ठोक्याठोक्याने चालतं. म्हणून आकडे दोन. हृदय आवळतं त्या क्षणाचा दाब म्हणजे वरचा आकडा आणि दोन ठोक्यांच्या मधला, हृदय सैल असतानाचा दाब म्हणजे खालचा. मोजमाप पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा जास्त जड, त्यामुळे १२० मिलिमीटर पारा म्हणजे साधारण १६३ सेंटीमीटर पाणी. तुमचं हृदय दर ठोक्याला माणसाएवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलण्याइतका जोर लावतं. ही उंचीची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे मोजताना लागणार आहे.

हा दाब दिवसभर एकसारखा राहत नाही. झोपेत तो १० ते २० टक्क्यांनी उतरतो, पहाटेनंतर चढतो, जिना चढताना, भांडताना, लघवी दाबून धरताना वाढतो. १९८५ मध्ये एका अभ्यासात वजनं उचलणाऱ्या पहिलवानी गड्यांच्या धमनीत थेट नळी घालून दाब मोजला होता. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना त्यांचा सरासरी दाब ३२०/२५० पर्यंत गेला. निरोगी माणसं होती ती, व्यायाम संपला की दाब खाली. दाब वाढणं हे शरीराचं रोजचं काम आहे. काळजीचा प्रश्न वेगळा: माणूस शांत बसलेला असतानाही तो वर राहतोय का?

१३६ म्हणजे चांगलं की वाईट

याचं उत्तर तुम्ही कुठल्या देशात विचारता यावरही अवलंबून आहे. भारतात, आणि जगातल्या बहुतेक देशांत, दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून आकडा १४०/९० किंवा त्याच्या वर राहिला तर उच्च रक्तदाब म्हणतात. १३० ते १३९ किंवा खालचा ८५ ते ८९ हा ‘बॉर्डर’चा पट्टा. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मात्र २०१७ मध्ये ही रेघ १३०/८० वर आणली. म्हणजे १३६/८८ वाला साताऱ्यात ‘लक्ष ठेवा’ आणि शिकागोत ‘पहिल्या टप्प्याचा रुग्ण’. माणूस तोच, रक्तवाहिन्या त्याच. गूगलवर शोधलं की बहुधा अमेरिकेची रेघ समोर येते आणि निम्मी घाबरगुंडी तिथूनच उडते.

रेघ कुठेही मारा, शरीराला ती दिसत नाही. २००२ मध्ये ६१ अभ्यासांमधल्या दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. ४० ते ६९ या वयात ११५/७५ च्या वर दर २० (वरच्या आकड्यात) किंवा १० (खालच्या आकड्यात) वाढीमागे पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यातून निघालं. १३९ ला सुरक्षित आणि १४१ ला धोक्यात असं काही नसतं. चढण हळूहळू आहे.

पण ही माणसं चाळिशीच्या पुढची. विशी-तिशीचं काय? अमेरिकेत १९८५-८६ मध्ये १८ ते ३० वयाची पाच हजारांवर मुलंमुली निवडून त्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेण्यात आला. त्यांतल्या सुमारे ४,८५० जणांच्या चाळिशीआधीच्या बीपीचा हिशेब २०१८ मध्ये मांडला गेला. ज्यांचा बीपी तेव्हा थोडासाच वाढलेला होता, त्यांना पुढे हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार होण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा दीडपटीहून जास्त निघालं. हे वाचून धस्स होतं. मात्र त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही बघा. जवळपास १९ वर्षांत त्या सगळ्या लोकांत मिळून असे आजार झाले सव्वादोनशेच्या आसपास जणांना. शंभरात पाचसुद्धा नाहीत. थोड्याचं दीडपट हे थोडंच असतं. म्हणून सव्विसाव्या वर्षी १३६/८८ बघून आज रात्री झोप उडवण्यासारखं काही नाही. पंचेचाळिशीपर्यंत तो तसाच सोडून देण्यासारखाही तो नाही.

आधी मोजा, नीट मोजा

या लेखातला सगळ्यात कामाचा भाग हाच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

शिबिरात बीपी कसा मोजतात आठवा. तुम्ही उन्हातून आलेले, रांगेत उभे, नुकताच चहा झालेला. स्टुलावर बसवतात, पाठीला आधार नाही. हात लोंबकळत किंवा तुम्हीच उचलून धरलेला. शर्टाची बाही वर सरकवून दंडाला काच बसलेला. समोरचा विचारतोय, “जेवलात का? रात्री झोप झाली का?” आणि तुम्ही उत्तर देताय. मागे मित्र हसतोय. यातली एकेक गोष्ट आकडा वर नेते. नुसतं बोलण्याने ५-१० वाढतात. लघवी तुंबलेली असेल तर दहाच्या आसपास. पाठीला टेकू नसेल, पायावर पाय असेल, तर आणखी काही. आणि हाताची उंची: दंड हृदयाच्या पातळीपेक्षा दर दहा सेंटीमीटर खाली गेला की आकडा सात-आठने फुगतो. मघाच्या पाण्याच्या स्तंभाचा हा साधा हिशेब. हात मांडीवर लोंबकळला की दहा-पंधरा सेंटीमीटर सहज होतात.

दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचं (कफचं) मापही बघा. जिमला जाणाऱ्या पोराच्या ३६ सेंटीमीटर दंडाला नेहमीचा पट्टा आवळून बसवला की मशीन उगाच वाढीव आकडा दाखवतं. शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा आणि मशीनच्या खोक्यावर छापलेलं माप ताडून बघा. बऱ्याच पट्ट्यांवर २२ ते ३२ सेंटीमीटर लिहिलेलं असतं. तुमचा दंड त्यात बसत नसेल तर मोठा पट्टा वेगळा मिळतो.

शांतपणे मोजायचं तर असं करा. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर असा ठेवा की दंड छातीच्या पातळीत येईल. पट्टा उघड्या दंडावर. मग पाच मिनिटं नुसतं बसा. मोबाइल खाली ठेवा, कारण कुठल्याही ग्रुपवर त्या पाच मिनिटांत रक्त तापवणारं काहीतरी येतंच. एकदा मोजा, मिनिटभर थांबा, पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. सकाळी चहा-नाश्त्याआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, त्या दिवशी मशीनचीच धास्ती असते. उरलेल्या चोवीस आकड्यांची सरासरी म्हणजे तुमचा बीपी.

घरच्या सरासरीसाठी रेघ थोडी खाली असते: १३५/८५. घरी माणूस निवांत असतो, म्हणून.

मशीन दंडाला लावायचंच घ्या. मनगटावरची मशीनं हाताच्या जराशा हालचालीने चुकतात आणि घड्याळात दिसणाऱ्या बीपीवर निदान करू नये, असं तज्ज्ञांचं स्पष्ट मत आहे. विकत घ्यायचं नसेल तर गावातल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मोजून मिळतो. उच्च रक्तदाब शोधून तो काबूत ठेवण्याचा जो देशव्यापी उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या मोजक्या जिल्ह्यांत सातारा होता. इथल्या आरोग्य केंद्रांना बीपीचं काम नवीन नाही. एक खूण सांगतो. हाताने पंप मारून मोजणाऱ्याने कायम १३०/८०, १४०/९० असे शून्यावर संपणारे आकडेच लिहिले तर समजा, अंदाजाने गोल केलेत. खरे आकडे १३४/८६ असेही येतात.

आठवड्यानंतर काय काय निघू शकतं? समजा दवाखान्यात १४२/९० आणि घरची सरासरी १२४/७८. हा पांढऱ्या कोटाचा बीपी. डॉक्टर दिसला की वाढतो, तरुणांत भरपूर आढळतो. याला गोळी लागत नाही. पण यांतल्या काहींचा बीपी पुढे कायमचा वाढतो, तेव्हा वर्षातून एकदा हा आठवडा पुन्हा करावा. याच्या उलटही असतं: दवाखान्यात १२८/८२ आणि घरी किंवा कामावर १३८/९०. हा लपलेला बीपी. तंबाखू खाणारे, सिगारेट ओढणारे, कामाच्या ताणाखाली वावरणारे यांच्यात तो जास्त दिसतो. मला विचाराल तर पांढऱ्या कोटापेक्षा याची काळजी अधिक, कारण हा तपासणीत पास होऊन निघून जातो. आणखी एक प्रकार म्हणजे उंच, सडपातळ, खेळणाऱ्या पोरांचा. वरचा आकडा १४० च्या पुढे आणि खालचा ७०-७५ असा निवांत. यांच्या मोठ्या रक्तवाहिन्या इतक्या लवचीक असतात, की दंडातला आकडा हृदयाजवळच्या खऱ्या दाबापेक्षा फुगून येऊ शकतो. अशांना घाईने गोळी न देता डॉक्टर बहुधा नजर ठेवतात.

सगळ्यात अवघड गडी म्हणजे दर तासाला मशीन लावणारा. १३४ आला, घाबरला, पुन्हा लावलं, १४१ आला, आणखी घाबरला, १४८. भीतीने निघणारं ॲड्रेनलिन तो आकडा वाढवतंय आणि वाढलेला आकडा भीती वाढवतोय. या पोराने ठरलेल्या दोन वेळांखेरीज मशीन कपाटाबाहेर काढू नये. तेही जमत नसेल तर डॉक्टरांना सांगून चोवीस तासांचं मशीन लावून घ्यावं. ते कमरेला बांधतात, दिवसरात्र ठरावीक वेळाने आपोआप मोजत राहतं, झोपेतलेही आकडे मिळतात. चोवीस तासांची सरासरी १३०/८० च्या खाली असली की विषय मिटला.

भरतीवाल्यांसाठी मुद्दाम सांगतो, कारण अपशिंगे मिलिटरीसारखं सैनिकांचं गाव असलेल्या या जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरी येतो. एनडीएसारख्या अधिकारी-भरतीच्या जाहिरातीत छापलेले निकष असे आहेत: बीपी सातत्याने १४०/९० किंवा त्याहून जास्त राहिला तर अपात्र, मात्र त्याआधी चोवीस तासांचं मशीन लावून हा घाबरल्याचा बीपी आहे की खरा, हे तपासायचं. मेडिकलच्या दिवशी कोणाकडून तरी गोळी मागून घेणं हा मूर्खपणा आहे. त्यापेक्षा दोन-तीन महिने आधी घरचा आठवडा करून ठेवा.

तरुण वयात वाढतो कशाने

बहुतेकांत एक कारण सापडत नाही. आई-वडिलांकडून आलेला कल, पोटाचा घेर, मीठ, कमी झोप, बसून काम, दारू, तंबाखू, अशी सगळ्यांची मिळून वाढ असते. पण काही कारणं हातातली असतात आणि डॉक्टरांनी विचारल्याशिवाय आपण ती सांगत नाही.

पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आठवडेच्या आठवडे घेतल्या, तर बीपी वाढू शकतो. सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनीही वाढतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी काही मुलींचा वाढतो, म्हणून त्या सुरू करताना बीपी बघून घ्यावा. जिमच्या ट्रेनरने दिलेली व्यायामाआधीची पावडर, एनर्जी ड्रिंक, आणि अर्थातच स्नायू फुगवणारी इंजेक्शनं. घशासाठी रोज चघळलेलं ज्येष्ठमधसुद्धा! त्यातलं एक द्रव्य शरीरात मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. औषधी आहे म्हणून निरुपद्रवी, असं धरून चालू नका. मिश्री, मावा, तंबाखू-चुना यांतल्या निकोटिनने दर वेळी रक्तवाहिन्या आवळतात, आणि मिश्री लावणाऱ्या बायका हे ‘व्यसन’ म्हणून सांगतही नाहीत.

झोपेत मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा पेंगणं, हे असेल तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकण्याने बीपी वाढतो आणि त्याच्यावर उपाय आहेत.

तिशीच्या आतल्या माणसाचा बीपी खरोखर वाढलेला निघाला, विशेषतः तो १६०/१०० च्या पुढे असेल किंवा घरात कोणालाच नसेल, तर डॉक्टर दडलेलं कारण शोधतात. मूत्रपिंडाचा आजार, मूत्रपिंडाला रक्त नेणारी धमनी अरुंद होणं, हृदयातून निघणारी महाधमनी जन्मतः एका जागी अरुंद असणं, थायरॉइड, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रेनल) ग्रंथींतून जादा संप्रेरक निघणं. महाधमनीच्या शंकेपोटीच ते मांडीच्या वर जांघेत नाडी चाचपून बघतात. तेव्हा बावरू नका. पहिल्या फेरीच्या तपासण्या साध्या असतात: लघवीतलं प्रथिन, रक्तातलं क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर, चरबी, आणि ईसीजी.

मीठ, आणि बाकीचं

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा. आपण त्याच्या दीडपट-दुप्पट खातो. आपल्या घरात काय चाललंय हे बघायचा एक सोपा मार्ग आहे. चार माणसांना दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा पन्नास दिवस पुरला पाहिजे. पुड्यावर फोडल्याची तारीख पेनने लिहून ठेवा. महिन्याच्या आत संपत असेल तर उत्तर मिळालं. आणि यात विकतचं लोणचं, पापड, फरसाण, भडंग, पाव, खारी, बाहेरची मिसळ धरलेलीच नाही.

आळणी जेवण मात्र करू नका, ते चार दिवसांच्या वर टिकत नाही. आपल्याकडच्या ताटात सोय आहे. ज्वारीची भाकरी बिनमिठाची होते, तिथे काही कमी करायचं नाही. कमी करायचं ते कडेचं: ठेचा, लोणचं, पापड, चटणी हे एकाच ताटात चारही नको, एक पुरे. ठेच्यात मीठ निम्मं करून लिंबू पिळा. ताकात आणि कोशिंबिरीत वरून मीठ घालायची सवय सोडा. जीभ काही आठवड्यांत जुळवून घेते आणि मग हॉटेलची भाजी खारट लागायला लागते. सैंधव आणि काळं मीठ हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, त्याने बीपीला सूट मिळत नाही. पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं आणि त्याचा उपयोगही होतो. चीनच्या खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर तेच मीठ धोक्याचं ठरतं. एका चुलीवर आजोबांचंही जेवण शिजतं, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच आणा. जेवणातून पोटॅशियम घ्यायला निरोगी तरुणाला कोणी अडवलेलं नाही: केळी, पालेभाजी, डाळी, आणि आपला कोरेगावचा घेवडा.

वजन जास्त असेल तर उतरलेल्या प्रत्येक किलोमागे वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चाललं की बीपी वाढलेल्या माणसाचा आकडा पाच-आठने खाली येतो. यवतेश्वरचा घाट धावलाच पाहिजे असं नाही. साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत रोज झपाझप चालणं पुष्कळ झालं. भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, खुर्ची नसताना बसल्यासारखं दोन-दोन मिनिटं थांबण्याचा व्यायामही बीपीवर चांगला लागू पडतो, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय. वजनं उचलायला हरकत नाही, श्वास कोंडून उचलू नका. दारू जितकी कमी तितका आकडा कमी. झोप सहा तासांच्या खाली नको. ध्यान, प्राणायाम जरूर करा, पण एवढ्यावर सगळं सोडू नका.

गोळी

घरची सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर गोळीचा प्रश्न नाही. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा मोजा. दवाखान्यातला आकडा बॉर्डरच्या पट्ट्यात असेल, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल, तरी बहुधा गोळी लागत नाही, वर सांगितलेलं तीन ते सहा महिने मनापासून करून बघायचं. नीट मोजून १४०/९० च्या वर राहत असेल तर काही डॉक्टर तरुणाला तीन महिन्यांची मुदत देतात, काही लगेच गोळी सुरू करतात. दोन्हींत चूक नाही. १६०/१०० च्या पुढे मात्र थांबत नाहीत.

“एकदा चालू झाली की जन्माची” ही भीती पुरती खरी नाही. वजन, मीठ, दारू आटोक्यात आली की गोळी कमी झालेले, सुटलेलेही लोक असतात. ते डॉक्टरांच्या नजरेखाली, आकडे लिहीत करायचं असतं. बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने बंद करणाऱ्यांचा बीपी गुपचूप परत चढतो, कारण तो चढल्याचं बहुतेकदा जाणवतच नाही. डोकं दुखतंय म्हणजे बीपी वाढला असेल, हा समज या आकड्यांना लागू पडत नाही. बऱ्याचदा उलटं असतं. डोकेदुखीने जीव हैराण असतो, म्हणून त्या वेळी मोजलेला आकडा वर येतो.

धावतपळत जायची वेळ वेगळी. आकडा १८०/१२० किंवा वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, नजर धूसर होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोबडी वळणं किंवा गोंधळल्यासारखं होणं, यांतलं काही असेल तर १०८ ला फोन करा, घरी थांबू नका. लक्षण नसताना एवढा आकडा आला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा आणि तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

काकांची अर्धी गोळी घेऊ नका. त्यांच्या वयाला, त्यांच्या मूत्रपिंडाला, त्यांच्या साखरेला बघून ती दिलेली असते. मुलींनी तर मुळीच नको. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या नेहमी दिसणाऱ्या गोळ्या गरोदरपणात बाळाला घातक ठरतात. लग्न ठरलंय, पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे, तर गोळी लिहून घेतानाच हे डॉक्टरांना सांगा, विचारलं नाही तरी सांगा. गरोदरपणात चालणाऱ्या गोळ्या वेगळ्या आहेत आणि दिवस राहायच्या आधीच त्या बदलून घेता येतात.